डार्टमथ, नोव्हा स्कोशिया: कागदावरून गेलेलं शहर

खारा_वारा

मंडळी, हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. आज सकाळपासून बर्फ पडतोय, ऑफिसला सुट्टी दिलीय, म्हणून चहा घेऊन बसलेय लिहायला.

मी गेली सात वर्षं डार्टमथला राहते. कॅनडाचा पूर्व किनारा, नोव्हा स्कोशिया, हॅलिफॅक्स बंदराचा पूर्वेकडचा काठ. पुण्याला आईच्या मैत्रिणींशी बोलताना मी हॅलिफॅक्सच सांगते, कारण डार्टमथ म्हटलं की ते कुठे आलं हे पहिल्यापासून सांगावं लागतं. पण इथल्या कुणा जुन्या माणसासमोर असं म्हणून बघा! आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. मी एकदा सहज विचारलं की तुम्ही जन्मापासून हॅलिफॅक्सच्याच का, तर त्यांनी माझा हात धरून मला खिडकीशी नेलं, पाण्यापलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हॅलिफॅक्स ते. हे डार्टमथ."

कागदावर मात्र डार्टमथ नावाचं शहर आता नाही. १८७३ ला टाउन झालं, १९६१ ला सिटी झालं, आणि १ एप्रिल १९९६ ला हॅलिफॅक्स सिटी, बेडफर्ड टाउन आणि आजूबाजूची सगळी काउंटी यांच्याबरोबर एकत्र करून एकच मोठी महापालिका केली. क्षेत्रफळ जवळपास साडेपाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून बरंच मोठं. जंगलं, तळी, कोळ्यांची खेडी, विमानतळ सगळं एकाच महापालिकेत. त्या वेळी डार्टमथची लोकवस्ती पासष्ट हजाराच्या आसपास होती. सिटी हा दर्जा जेमतेम ३५ वर्षं मिळाला, पण गावाचं वय त्याहून कितीतरी जास्त, आणि मला लिहायचंय ते त्या वयाबद्दल, कारण हॅलिफॅक्सवर जिथे तिथे वाचायला मिळतं आणि समोरच्या काठाला एका वाक्यात गुंडाळतात. ते मला खरंच खटकतं.

सुरुवात १७५० ची. हॅलिफॅक्स १७४९ ला वसलं आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ऑल्डर्नी' नावाचं जहाज साडेतीनशे माणसं घेऊन आलं, त्यांना पलीकडच्या काठावर उतरवलं. आजही फेरीचा धक्का, लायब्ररी, बाजार जिथे आहे त्या भागाला ऑल्डर्नी म्हणतात, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे मिगमॉ लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, राहत होते. या जागेचं त्यांचं नाव पुनामूक्वाटीच्क असं काहीसं उच्चारतात, अर्थ टॉमकॉड मासा मिळण्याची जागा. मासळीवरून गावाचं नाव, कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता फेरी. मला या गावातली सगळ्यात आवडती गोष्ट कुठली विचाराल तर फेरीच. १७५२ पासून चालू आहे, उत्तर अमेरिकेतली खाऱ्या पाण्यावरची सगळ्यात जुनी प्रवासी फेरी. आधी वल्ह्यांच्या आणि शिडाच्या होड्या, मग १८१६ ला घोड्यांची बोट आली. म्हणजे खरोखर डेकवर घोडे गोल गोल फिरायचे आणि त्यावर मधलं चाक फिरून बोट पुढे जायची! १८३० ला वाफेची बोट आली. १८९० ला फेरीचा कारभार गावाने स्वतःकडे घेतला, आता बस जिच्याकडे आहे त्याच यंत्रणेकडे फेरी आहे, बसचंच तिकीट चालतं. बारा मिनिटांचा प्रवास. बोटीला पुढचं मागचं असं काही नाही, दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे वळायचं कामच नाही, आली तशी उलटी निघते. हिवाळ्यात सकाळी पाण्यावरून वाफ उठत असते, सगळे लोक आत काचेला नाक लावून बसलेले असतात, आणि मी दर वेळी ठरवून वरच्या डेकवर जाते, कान बधिर होतात तरी जाते.

एका बोटीचं नाव 'रीटा जो' आहे, मिगमॉ कवयित्रीचं. एकीचं 'व्हायोला डेसमंड', त्या बाईंनी १९४६ मध्ये न्यू ग्लासगोच्या थिएटरात गोऱ्यांसाठीच्या सीटवरून उठायला नकार दिला होता, आता कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहेत.

कॅनॉलबद्दल पण लिहायचंय, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, हात दुखले.

गोदाकाठ

वा! छान लिहिलंयस. वाचतेय. घोड्यांची बोट ही भानगड पहिल्यांदाच ऐकली. एक शंका, शहर विलीन झालं तेव्हा लोकांनी विरोध केला नाही का? आमच्याकडे नाशिकला नुसती गावं महापालिकेत घ्यायची म्हटली तरी किती बैठका आणि मोर्चे होतात.

चौकस_बाळ

@गोदाकाठ, विरोध झाला होता. मी हॅलिफॅक्सला शिकायला होतो तेव्हा महापालिकेच्या इतिहासावर प्रोजेक्ट केला होता म्हणून आठवतंय. डार्टमथच्या शेवटच्या महापौर ग्लोरिया मॅक्लस्की, त्यांचा एकत्रीकरणाला कडक विरोध होता आणि पुढे नव्या महापालिकेत त्या डार्टमथच्या नगरसेविका होत्या तेव्हाही त्यांनी ते मत सोडलं नाही. पण यातली मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या प्रांतिक सरकारने हे एकत्रीकरण केलं त्याचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, डॉ. जॉन सॅव्हेज, आणि हे सॅव्हेज आधी १९८५ ते १९९२ डार्टमथचेच महापौर होते. पेशाने डॉक्टर, मूळचे वेल्सचे. म्हणजे गावाने ज्याला महापौर केलं त्याच्याच सरकारच्या काळात गावाचं शहरपण गेलं. खर्च वाचवणं हे कारण दिलं होतं, दोन दोन पोलीस खाती, दोन दोन फायर ब्रिगेड, बंदराच्या दोन बाजूंना दोन वेगळी नियोजनं, हे त्यांना परवडत नव्हतं. त्यांची बाजू अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही, बंदर एकच आहे, सांडपाणी एकाच पाण्यात जात होतं.

२०१४ ला नव्या महापालिकेने 'हॅलिफॅक्स' एवढंच नाव सगळीकडे लावायचं ठरवलं तेव्हा डार्टमथची मंडळी परत चिडली. पण पोस्टाचा पत्ता आजही डार्टमथच लिहितात आणि पत्र बरोबर पोचतं.

खारा_वारा

@चौकस_बाळ, सॅव्हेज यांचं मला माहीत होतं पण ते वेल्सचे हे आत्ता कळलं, आणि त्यावरून एकदम एक जुनी गोष्ट आठवली. १७८५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरून क्वेकर पंथाचे देवमासे पकडणारे खलाशी डार्टमथला येऊन राहिले. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर त्यांच्या देवमाशाच्या तेलावर ब्रिटनने जबर कर लावला होता, म्हणून ब्रिटिश हद्दीत येऊन धंदा करायचा असा हिशोब. इथे त्यांनी घरं बांधली, जहाजं आणली, धंदा जोरात चालला, आणि सात वर्षांत ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून त्यातले बरेच जण उठून गेले ते वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला! इथून माणसं वेल्सला गेली आणि दोनशे वर्षांनी वेल्सचा माणूस इथला महापौर झाला.

त्या क्वेकरांचं एक घर अजून उभं आहे, ऑक्टरलोनी स्ट्रीटवर, डार्टमथमधलं सगळ्यात जुनं घर. उन्हाळ्यात बघायला मिळतं. छत इतकं बुटकं की माझा नवरा दारातून वाकून आत गेला. बाहेरून लाकडी फळ्या, आत मोठी चूल, पायाखालच्या जमिनीच्या फळ्या हातभर रुंद. असल्या रुंदीची झाडं आता तोडायला मिळत नाहीत असं तिथल्या मुलीने सांगितलं. नॅन्टकेट ॲव्हेन्यू हा रस्ता पण आहे, पुलावरून उतरलं की लागतोच.

आता कॅनॉल. नकाशा काढून बघा म्हणजे कळेल. डार्टमथच्या मागे तळ्यांची माळ आहे, बॅनुक, मिकमॅक, चार्ल्स, विल्यम, थॉमस, फ्लेचर, मग ग्रँड लेक, आणि तिथून शुबेनॅकडी नदी निघते ती थेट पलीकडे बे ऑफ फंडीला मिळते. मिगमॉ लोक पिढ्यान् पिढ्या याच वाटेने बर्च झाडाच्या सालीच्या होड्यांतून जायचे, मधे जिथे पाणी नाही तिथे होडी खांद्यावर. इंग्रजांनी ते बघून ठरवलं की इथे कॅनॉल काढू, म्हणजे जहाजांना सगळ्या नोव्हा स्कोशियाला वळसा घालायला नको. १८२६ ला काम सुरू झालं. आयर्लंड स्कॉटलंडवरून पाथरवट आणले, ग्रॅनाइटचे लॉक, म्हणजे पाणी वरखाली करून बोट चढवायचे उतरवायचे दरवाजेवाले हौद, बांधायला घेतले. १८३१ ला पैसे संपले. काम बंद. मग १८५४ ला परत सुरू, या वेळी सगळे लॉक बांधण्याऐवजी दोन ठिकाणी उतार केले, रुळांवरच्या पाळण्यात बोट ठेवायची आणि पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बाइनने केबल ओढून ती बोट टेकडीवर चढवायची. १८६१ ला पूर्ण झालं. आणि दहा वर्षांत बंद! कारण तोवर रेल्वे आली होती, आणि कॅनॉलवरचे उघडणारे पूल जाऊन तिथे खालचे न उघडणारे पूल आले.

पस्तीस वर्षं बांधलं आणि दहा वर्षं चाललं. शुबी पार्कमधे त्या लॉकच्या भिंती आहेत, मी तिथे नेहमी जाते. दगडावर हात फिरवला की छिन्नीच्या घावांच्या रेघा लागतात, एकेक दगड कसा दुसऱ्याला चिकटून बसवलाय, मधे पान सरकवता येणार नाही. आता त्यात पावसाचं पाणी आणि बदकं.

बंदरावरचा

मस्त धागा. माझे आजोबा मुंबईच्या गोदीत होते त्यामुळे बंदर म्हटलं की मी वाचतोच. हॅलिफॅक्सचा १९१७ चा स्फोट कुणी लिहिला नाही अजून म्हणून मी लिहितो, आणि त्यात डार्टमथची बाजू सहसा येत नाही.

६ डिसेंबर १९१७, पहिलं महायुद्ध चालू. 'माँ ब्लाँ' हे फ्रेंच जहाज न्यूयॉर्कवरून दारूगोळा भरून आलं होतं, पिक्रिक ॲसिड, टीएनटी, गनकॉटन, वरती डेकवर बेन्झॉलचे पिंप. बंदराच्या नॅरोज नावाच्या चिंचोळ्या भागात त्याची नॉर्वेच्या 'इमो' जहाजाशी टक्कर झाली, आग लागली, वीसेक मिनिटं जळत जळत जहाज हॅलिफॅक्सच्या काठाला लागलं, आणि सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी फुटलं. जवळपास दोन हजार माणसं गेली, नऊ हजार जखमी. कितीतरी लोक आग बघायला खिडकीत उभे होते, काचा फुटून त्यांचे डोळे गेले. हे सगळं हॅलिफॅक्सच्या बाजूला जास्त झालं.

पण डार्टमथच्या काठावर, बरोबर समोर, टफ्ट्स कोव्हला मिगमॉ लोकांची वस्ती होती, टर्टल ग्रोव्ह. स्फोटाने बंदरातलं पाणी उसळून लाट आली ती या वस्तीवर. वस्ती गेली ती गेलीच, परत तिथे बसली नाही. 'इमो' जहाज उचलून डार्टमथच्या किनाऱ्यावर फेकलं गेलं. आणि माँ ब्लाँवरच्या तोफेची नळी साडेपाच किलोमीटर उडून ऑल्ब्रो लेकजवळ पडली.

आता हे का लिहितोय तर १४ एप्रिल १९४४, मुंबई, व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकीन' जहाज असंच आग लागून फुटलं. पोटात स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. ते जहाज बांधलं होतं कॅनडातच, पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रुपर्टला, १९४२ मध्ये. आजोबा त्या दिवशी दुपारच्या पाळीला नव्हते म्हणून वाचले, पण आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. आजोबा फार कमी बोलायचे त्याबद्दल. एवढंच म्हणायचे की आभाळातून जळता कापूस पडत होता.

रानजाई

@बंदरावरचा, अंगावर काटा आला वाचून.

टफ्ट्स कोव्हला आता वीज केंद्र आहे, तीन उंच लाल पांढऱ्या पट्ट्यांची धुराडी. पुलावरून, फेरीवरून कुठूनही दिसतात, आमच्या घरी मुलं लांबून परत येताना ती दिसली की "आलं घर" म्हणून ओरडतात. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघतेय आणि त्यांच्या पायथ्याशी अशी वस्ती होती हे मला आज कळलं. आता ती दिसली की हेच आठवणार.

आणि मिगमॉ लोकांबद्दल बोलतोच आहोत तर हेही सांगायला हवं की सुरुवातीची वर्षं फार रक्ताची होती. १७४९ ला डार्टमथच्या बाजूला लाकडाच्या गिरणीवर काम करणाऱ्यांवर मिगमॉंनी हल्ला केला, त्यावर गव्हर्नर कॉर्नवॉलिसने मिगमॉ माणसांच्या डोक्याच्या कातडीवर इनाम लावलं. १७५१ ला अकेडियन (इथे आधीपासून वसलेले फ्रेंच वंशाचे लोक) आणि मिगमॉ यांनी मिळून डार्टमथ गावावर हल्ला केला, त्यात वसाहतीतली बरीच माणसं मारली गेली. त्या कॉर्नवॉलिसचा पुतळा हॅलिफॅक्सच्या बागेत होता तो २०१८ च्या जानेवारीत काढला. मी तेव्हा तिथेच होते, थंडीत लोक उभे राहून बघत होते, काही जण ढोल वाजवून गात होते.

गोदाकाठ

स्केटिंगचं पण काहीतरी डार्टमथशी आहे ना? मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधे वाचलं होतं.

चौकस_बाळ

आहे तर! स्टार कंपनी. १८६१ ला सुरू झाली, आधी खिळे करायचे. १८६० च्या दशकात त्यांच्याकडच्या जॉन फोर्ब्सने एक स्केट काढलं, 'ॲक्मे', त्याआधी स्केट बुटाला चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायचे नाहीतर टाचेत स्क्रू मारायचा, पट्टा गोठायचा, सैल व्हायचा. फोर्ब्सच्या स्केटला एक खटका होता, बूट ठेवायचा, खटका दाबायचा, झालं, पक्कं बसलं. जगभर गेले ते. आणि कारखाना चालायचा कशावर? खारा_वारा यांनी वर सांगितलेला कॅनॉल बंद पडल्यावर त्याचं पाणी आणि टर्बाइन स्टारने वापरलं. कॅनॉल जहाजांच्या उपयोगी फार पडला नाही पण त्याच्या पाण्यावर जगातल्या पोरांचे स्केट बनले.

हॉकीच्या काठ्या मिगमॉ कारागीर हाताने लाकडातून कोरायचे, त्याही स्टार कंपनी 'मिकमॅक' नावाने विकायची. हॉकी नक्की कुठे सुरू झाली यावर विंडसर, किंग्स्टन, मॉन्ट्रियल सगळ्यांचे दावे आहेत, मी त्यात पडत नाही, पण डार्टमथच्या तळ्यांवर फार आधीपासून खेळत होते हे खरं. जुन्या शहराच्या हद्दीत २३ तळी, 'सिटी ऑफ लेक्स' हेच गावाचं बिरुद.

खारा_वारा

तळी म्हणजे जीव की प्राण आहे इथल्या लोकांचा. बॅनुक लेकवर कनू आणि कयाकच्या जागतिक स्पर्धा तीनदा झाल्या, १९९७, २००९ आणि २०२२. २०२२ ला आम्ही पोळी भाजीचे डबे घेऊन सकाळपासून काठावर बसलो होतो. एरवी रोज संध्याकाळी शाळेतली पोरं त्याच पाण्यावर सराव करतात, कोच मोटरबोटीतून भोंग्यावर ओरडत असतो.

पुलांचं राहिलं. अँगस मॅकडोनाल्ड पूल २ एप्रिल १९५५ ला उघडला, त्यानंतर डार्टमथ भराभर वाढलं, सहा वर्षांत सिटी झालं ते त्यामुळेच. दुसरा मॅके पूल १९७० चा. त्याआधी नॅरोजवर रेल्वेचे दोन पूल होऊन गेले, पहिला १८९१ च्या वादळात पडला, परत बांधला तो १८९३ ला वादळबिदळ काही नसताना वाहून गेला. त्यावरून तीन पूल पडणार अशी शापाची दंतकथा आहे, शेजारच्या आजी ती अगदी आवाज खाली आणून सांगतात. मॅकडोनाल्ड पुलाचा अख्खा रस्ता २०१५ ते १७ मध्ये तुकड्या तुकड्याने बदलला, रात्री जुना तुकडा खाली उतरवायचा, नवा वर चढवायचा, सकाळी गाड्या चालू. मार्च २०२५ मध्ये टोल पण बंद झाला. आजींच्या ड्रॉवरमध्ये पुलाचे जुने टोकन अजून आहेत, मला एक दिलाय.

रानजाई

एव्हरग्रीन हाउस कुणी लिहिलंच नाही! हेलन क्रायटन बाईंचं घर, आता म्युझियम आहे. लोकगीतं गोळा करणाऱ्या बाई, १८९९ ते १९८९. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सुरुवात केली तेव्हा रेकॉर्डिंगचं यंत्र नव्हतं, एक छोटी पायपेटी हातगाडीवर घालून किनाऱ्याकिनाऱ्याने ढकलत न्यायच्या, कोळ्यांच्या घरी बसायचं, म्हाताऱ्यांनी गायचं आणि बाईंनी पेटीवर सूर शोधून लिहून घ्यायचं. अशी हजारो गाणी आणि भुताखेतांच्या गोष्टी त्यांनी जमवल्या. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्यातल्या दोनच मला येतात, बाकीच्या तिच्याबरोबर गेल्या. त्या घरात उभी होते तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं की आमच्या गावात अशी पेटी ढकलत कुणी आलं नाही.

बंदरावरचा

पुढच्या जूनमध्ये बहिणीकडे टोरंटोला येतोय, चार दिवस काढून तिकडे यायचा विचार आहे. ती तोफेची नळी बघता येते का? आणि गाडी नसेल तर फिरता येईल का?

खारा_वारा

नक्की या! गाडी लागत नाही. हॅलिफॅक्सला उतरा, फेरीने इकडे या, धक्क्यावरून क्वेकर हाउस चालत पाच सात मिनिटं, तिथून सलिव्हन्स पाँडला जा, तिथली बदकं आणि हंसासारखे मोठे गीझ अंगावर येतात, हातात पाव धरू नका. तळ्याच्या काठाने पुढे बॅनुक. परत जाताना मॅकडोनाल्ड पुलावरून चालत जा, कडेला पायी जायची वाट आहे, वारा असतो, टोपी सांभाळा.

तोफ ऑल्ब्रो लेक रोड आणि पाइनक्रेस्ट ड्राइव्हच्या कोपऱ्यावर आहे, बसने जाता येतं. दगडी चौथऱ्यावर ठेवलीय, घरांच्या मधे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा समोरच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होत्या. नळीचं टोक उष्णतेने वितळून गेलंय, तोफ म्हणून ओळखू येत नाही, गंजलेल्या पाइपसारखं दिसतं. मी त्यावर हात ठेवला तर ऊन असूनही थंडगार होती.

या तेव्हा कळवा, मी बरोबर येईन. आजींनाही विचारते, त्यांच्या आईचा जन्म टफ्ट्स कोव्हच्या रस्त्यावरच्या घरातला आहे, स्फोटाच्या वेळी ती शाळेत होती.